उजवी स्की, ग्रेड दोन

डॉक्टर स्नोमोबाइलला पेशंट म्हणायचे आणि तिच्या मालकाला नातेवाईक. गाडी ट्रेलरवरून खाली आली की ते कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे आणि मालकाला सांगायचे, "रिलेटिव्हज आउटसाइड, प्लीज." बाहेर गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाखाली त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि टेबलावर हिरड्यांविषयीची मासिकं होती. जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, तिथं दोन डिग्री असायचं. आलेला माणूस सहा फुटी, दाढीवाला, बर्फ उपसून हात लाकडासारखे झालेला. तो निमूट जाऊन बसायचा आणि मासिक चाळायचा. दातांच्या डॉक्टरचा आवाज माणूस कुठंही ओळखतो आणि ऐकतो.

ते खरोखरच दातांचे डॉक्टर होते. पुण्यात शिकले, मेलबर्नला एकतीस वर्षं प्रॅक्टिस केली, मग दवाखाना विकून डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान गावात आले आणि घरामागच्या शेडमध्ये जुन्या स्नोमोबाइल दुरुस्त करायला लागले. का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "दात परत येत नाहीत. बुश मिळतो." नंतर मी कधी विचारलं नाही.

स्नोमोबाइल न पाहिलेल्यांसाठी सांगतो. बर्फावरची मोटरसायकल समजा. मागे चाकाऐवजी रुंद रबरी पट्टा, पुढे चाकाऐवजी दोन स्की, वर हँडल. वर डोंगरावर स्कीइंग क्लबांची लॉजेस आहेत, तिथं रस्ता बर्फाखाली गेला की सामान, माणसं, गॅसच्या टाक्या सगळं हिच्यावरून जातं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या. त्यांच्या सांध्यांतले बुश, म्हणजे आत बसवलेल्या बारीक नळ्या, झिजले की पुढचं सगळं ढिलं होतं. हँडल वळवलं की आधी काहीच होत नाही, मग स्कीला आठवण होते आणि ती वळते. या मधल्या रिकाम्या वेळाला प्ले म्हणतात. आमच्या इस्लामपूरच्या गॅरेजमध्येही प्लेच म्हणायचे.

डॉक्टर फक्त हाच प्ले काढायचे. पुढचा भाग. इंजिनाला हात लावायचे नाहीत. "मी जनरल प्रॅक्टिस करत नाही," म्हणायचे आणि समोरच्या गॅरेजवाल्याकडे चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीची सुरुवात "डिअर कलीग" अशी असायची. समोरच्या गॅरेजवाल्याने त्या सगळ्या चिठ्ठ्या भिंतीला लावल्या होत्या.

आता मी तिथं कसा पोचलो ते. मी नववीत शाळा सोडली आणि मामांच्या गॅरेजला लागलो. पुढे लग्न वैशालीशी झालं, ती नर्स. तिला इकडे नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाच्या शेपटीला धरून मी मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात आलो. आमच्या गल्लीत आमच्याशिवाय मराठी घरं सात. दोन डॉक्टर, चार आयटी, एक प्राध्यापक बाई. कुठल्याही हळदीकुंकवाला, वाढदिवसाला पुरुषमंडळी बार्बेक्यूभोवती उभी राहिली की प्रश्न यायचाच, "तू कशात आहेस रे?" तेव्हा मी एका गोदामात खोके उचलत होतो. मी म्हणायचो, "लॉजिस्टिक्स." कुणी पुढं विचारू नये म्हणून लगेच कणसं उलटी करायला लागायचो. भाजलेली असली तरी.

आमच्या इथल्या इंडियन ग्रोसरीत वैशालीला एक कागद लावलेला दिसला. मराठीत, हाताने लिहिलेला. "मदतनीस हवा. हात हलके हवेत. शिक्षणाची अट नाही. इंजिनाची आवड असल्यास येऊ नये." तिने फोटो काढून आणला. मी म्हणालो, हे काहीतरी फसवणुकीचं दिसतंय. ती म्हणाली, "तुला फसवून कोण काय नेणारे?"

तीन तास ड्रायव्हिंग करून गेलो. डॉक्टरांनी नाव विचारलं नाही. गाडीचं तोंड स्टँडवर उचललेलं होतं. म्हणाले, "डोळे मीट. हँडल घट्ट धर. मी स्की हलवतो. कुठं हलतंय ते सांग."

मी डोळे मिटले. हाताला बारीक ठोका लागला.

"खालच्या बुशमध्ये," मी म्हणालो. "स्पिंडल जिथं बसतो तिथं."

"किती?"

"थोडं."

"थोडं हे माप नाही, मित्रा."

मित्रा हे ते सगळ्यांना म्हणायचे. इथले लोक उठता-बसता मेट म्हणतात, ते त्यांना उद्धट वाटायचं, म्हणून त्यांनी भाषांतर करून घेतलं होतं. लॉजची मंडळीही त्यांना "मॉर्निंग, मित्रा" म्हणायची. मला त्याच दिवशी कामावर ठेवलं. शेडला लागून खोली होती. आठवडाभर तिथं, रविवारी क्रेगीबर्न. पुढच्या बार्बेक्यूला कुणीतरी विचारलं, कशात आहेस, तर मी म्हणालो, "डेंटल साइडला." वैशालीने माझ्या पायावर पाय दिला.

माप असं होतं. हलणाऱ्या दाताला जशा तीन ग्रेड, तशाच हलणाऱ्या स्कीला. ग्रेड एक म्हणजे हाताला कळतं, डोळ्याला नाही. ग्रेड दोन, डोळ्याला दिसतं. ग्रेड तीन, नातेवाइकांनाही दिसतं. तपासायचं खालून वर, आणि एका वेळी एकच सांधा. आधी स्कीचा बोल्ट, मग तिथला बुश, मग स्कीला वळवणारा उभा दांडा म्हणजे स्पिंडल, मग त्याच्या डोक्यावरचा आर्म, मग हँडलकडून त्या आर्मपर्यंत येणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे बॉल, आणि शेवटी हँडलचा दांडा. एखादा सांधा ढिला सापडला म्हणून थांबायचं नाही. "एक किडका दात सापडला म्हणून बाकीचे एकतीस न बघता सोडतोस का?" मी आयुष्यात कुणाचा एकही दात बघितला नव्हता, पण नाही म्हणायचो. अवघड जागी ते दातांचा छोटा आरसा घालायचे. कपाळाला दिवा. आणि जुना बुश दाबून काढायच्या आधी, प्रेसचा दांडा हातात घेऊन, गाडीला हळूच सांगायचे, "आता थोडं दाबल्यासारखं वाटेल."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मला सांगतायत. मी "हो" म्हणालो.

शेडमध्ये दोन वाक्यांना बंदी होती. इथं लोक प्रत्येक अर्धवट कामाला "शी'ल बी राइट" म्हणतात, आणि आमच्याकडे सांगली-इस्लामपूर पट्ट्यात "चालतंय की" म्हणतात. दोन्ही डॉक्टरांनी एकाच पाटीवर लिहून त्यावर फुली मारली होती. नऊ-दहा हजार किलोमीटर उडून आलो आणि पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते त्या पाटीसमोर.

प्रत्येक पेशंटचा केसपेपर असायचा. तक्रार काय, किती दिवसांपासून, पूर्वी कुणी हात लावलाय का, तपासणी, उपचार, सल्ला. तो मला लिहावा लागायचा, मराठीत. नववीनंतर मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिला कागद लिहायला बुश बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरून वाचला, सही केली आणि म्हणाले, "दिसलं ते लिहिलंस, वाटलं ते नाही लिहिलंस. जमेल तुला." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं कौतुक एवढंच, म्हणून तारीख नाही तरी वार लक्षात आहे. मंगळवार.

मला हवा होता तो कागद वेगळाच होता. इथं मेकॅनिक म्हणून कुठंही धड नोकरी करायची तर हाताला काम येतं हे पुरेसं नाही, ट्रेडचा दाखला लागतो. माझ्याकडे दहावीचाही नाही. एक वाट होती. ज्याच्याकडे काम केलं त्याचं सविस्तर पत्र आणि त्यानंतर मुलाखत. म्हणजे माझं इथलं पुढचं सगळं आयुष्य डॉक्टरांच्या पत्रावर होतं. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "सीझन संपला की देतो. पण मी प्रशस्तिपत्र लिहीत नाही. दिसलं ते लिहीन." मी वैशालीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग काही दिसू देऊ नकोस." ती मस्करी करत होती. मी वहीत लिहून ठेवलं.

मॉरीन ही एका लॉजची केअरटेकर. साठीची, बुटकी, वर एकटी राहायची. तिची गाडी शेडमध्ये सगळ्यात जास्त येणारी. तीच एक बाई होती जी बाहेर खुर्चीत बसायची नाही. दारात उभी राहून सिगारेट न पेटवता तोंडात धरायची आणि म्हणायची, "मित्रा, स्की आहे ती. दाढ नाही."

डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "तुम्ही ब्रश करत नाही, म्हणून ही वेळ आली." ब्रश म्हणजे ग्रीस. मॉरीन कधीच ग्रीस लावायची नाही.

त्या गुरुवारी तिची गाडी आली. उजवी स्की, ग्रेड दोन, स्पिंडलचा खालचा बुश. शुक्रवारी डॉक्टर मेलबर्नला गेले, स्वतःची दाढ काढायला. गावातल्या डेंटिस्टवर त्यांचा विश्वास नव्हता. जाताना म्हणाले, बुश कुरिअरने येईल, घाल, मॉरीनला गाडी दे. बुश आला. चुकीचा आला, बाहेरून दोन मिलिमीटर मोठा. बरोबरचा यायला सोमवार. आणि दुपारी तीनला मॉरीन ट्रेलर घेऊन हजर. शनिवारी वर शाळेची मुलं येणार होती, चाळीस, त्यांचं सगळं सामान तिलाच ओढायचं होतं.

"झाली का?" ती म्हणाली.

आता मी काय केलं ते सांगतो. मामांच्या गॅरेजमध्ये असं झालं की मामा कोल्ड्रिंकचा कॅन कापायचे. पत्र्याची पट्टी, कडा घासून, ढिल्या बुशमध्ये स्पिंडलभोवती गुंडाळायची. प्ले गायब. त्या पट्ट्यांवर आमच्या तालुक्यातल्या निम्म्या जीप वर्षानुवर्षं फिरल्या. पाच मिनिटांचं काम, हात आपोआप करतात. मी ती पट्टी घातली. स्की हलवून बघितली. घट्ट. मॉरीन खूश झाली, म्हणाली, "लेजंड." आणि ती गेल्यावर मी केसपेपर घेतला आणि उपचाराच्या जागी लिहिलं, "बुश बदलला."

पट्टी घातली ती सवयीने. हे वाक्य मात्र मी विचार करून लिहिलं.

त्या संध्याकाळी चहा करताना माझ्या डोक्यात आलं की जीप उन्हात चालते. पत्रा झिजतो, सरकतो, जीपमध्ये तो रस्त्यावर पडतो आणि कुणाला कळतही नाही. इथं आत पाणी जाणार, गोठणार, पट्टी चुरगळून अडकणार. प्ले असलेलं स्टिअरिंग उशिरा वळतं. अडकलेलं वळतच नाही. मॉरीनच्या लॉजची वाट धारेवरून जाते, डाव्या हाताला सरळ उतार आहे. मी तिला फोन केला. लागला नाही. वर नेटवर्क असतं तेव्हा असतं. मेसेज टाकला, "डोन्ट ड्राइव्ह प्लीज." कारण लिहिलं नाही. सकाळपर्यंत उत्तर नव्हतं.

शनिवारी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर शेडमध्ये आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी सगळं सांगितलं. बुश, पट्टी, कागद. शेवटी म्हणालो, "आमच्या मामांकडे असंच करायचे."

त्यांनी कापूस काढला, बघितला, परत बसवला. मग कापसाच्या बाजूने म्हणाले, "मामांना मध्ये आणू नकोस. मामांनी कागदावर काय लिहायचं ते शिकवलं नव्हतं."

मग त्यांनी वरच्या रिसॉर्टच्या गस्तपथकाला फोन लावून निरोप दिला, मॉरीन दिसली तर थांबवा. स्टँडवर दुसऱ्या एका गाडीचं काम चालू होतं, तिच्या नव्या पाकिटातून बरोबर मापाचा बुश काढला. त्या गाडीसाठी दुसरा सोमवारी मागवता येईल हे शुक्रवारी मला सुचलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, डॉक्टरी बॅग उचलली आणि यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या पिकअप गाडीत, जाऊन बसले. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतक्या वर्षांत वर कधी गेलेलाच नाही. त्यांना बर्फ आवडत नव्हता. पायात लेदरचे काळे बूट होते. मी म्हणालो, डॉक्टर, मी एकटा जातो. ते म्हणाले, "पेशंट माझा आहे."

कारपार्कच्या पुढे बर्फ. लॉज तिथून पाऊण तासाची चढण. डॉक्टर पुढे, मफलर गालाभोवती डोक्यावरून बांधलेला, हातात बॅग. दर वीस पावलांवर घसरायचे, मी धरायला गेलो की म्हणायचे, "ग्रेड एक. सोड." अर्ध्या वाटेवर मॉरीनच्या गाडीच्या पट्ट्याच्या ताज्या खुणा दिसल्या. खुणा एका वळणावर कडेच्या फार जवळून गेल्या होत्या. आम्ही दोघांनीही त्या बघितल्या. डॉक्टर तिथं थांबले, वाकून दिव्याशिवाय, आरशाशिवाय नुसते बघत राहिले. मग चालायला लागले.

मॉरीन लॉजच्या पायरीवर बसली होती. गाडी समोर, सामान अर्धं उतरवलेलं. डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "तुला कुणी मारलं?"

"तू सांग," डॉक्टर मला म्हणाले. मराठीत.

माझं इंग्रजी कामापुरतं. मी म्हणालो, "मॉरीन, आय पुट टिन. कोल्ड्रिंक कॅन. नो बुश. आय टोल्ड बुश, बट नो बुश. आय ॲम सॉरी."

तिने वाकून उजव्या स्कीकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या वळणावर हँडल अडकलं. मी लाथ मारली तेव्हा फिरलं. मला वाटलं मी म्हातारी झाले." नंतर बरंच काही म्हणाली, ते लिहिण्यासारखं नाही आणि त्यातलं सगळं मला समजलंही नाही. डॉक्टर ते पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "रिलेटिव्हज इनसाइड, प्लीज." ती आत गेली. पहिल्यांदाच ऐकलं तिने.

बर्फात गुडघ्यावर बसून आम्ही बुश बदलला. पट्टीचा चुरगळून गोळा झाला होता. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलून एका पाकिटात घातला, माझ्याकडे न बघता. नवा बुश दाबताना गाडीला जे सांगायचे ते त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण कापसामुळे असेल. खाली आल्यावर त्यांनी तो केसपेपर माझ्यापुढे ठेवला. फाडू दिला नाही, खोडू दिला नाही. "बुश बदलला" यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. खाली खरं काय ते, वेळेसकट. मग त्यांनी सही केली.

सीझन संपल्यावर पत्र मिळालं. तीन पानं, टाइप केलेली. केसपेपरांवरून एकेक काम मोजून लिहिलेलं. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. "एके प्रसंगी त्याने बुशच्या जागी पेयाच्या डब्याचा पत्रा बसवला आणि बुश बदलल्याची खोटी नोंद केली. कुणाला काही कळण्याआधी दुसऱ्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने स्वतः मला सांगितलं. दुरुस्ती त्याने मालकिणीसमोर कबुली देऊन केली."

मी पत्र घेऊन परत गेलो. म्हणालो, डॉक्टर, पाया पडतो, एवढं काढा. माझं सगळं याच्यावर आहे.

"काढतो," ते म्हणाले. "मग बाकीच्या अडीच पानांवर कुणी का विश्वास ठेवावा?"

त्यांनी कागद पुढे केला, पेन दिलं. "तूच रेघ मार. पत्र तुझं आहे."

मी ते पेन हातात धरून क्रेगीबर्नपर्यंत आलो. म्हणजे परत द्यायचं विसरलो. वैशालीने पत्र दोनदा वाचलं, म्हणाली, "वेडा आहे तुझा डॉक्टर." मग बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "असंच पाठव."

डॉक्टर आता उत्तरेकडे गरम भागात, स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलीकडे असतात. तिथं बर्फ पडायची शक्यता नाही. फोनवर कळलं की शेजारच्या मुलांच्या स्कूटरची हँडलं तपासतात आणि आयांना बाहेर बसवतात.

मी पास झालो हे सांगून टाकतो, वाचणाऱ्याला घोर नको. घोर लावून घ्यायचं काम आमच्याकडे मी एकटा करतो. मुलाखत घेणाऱ्या बाई होत्या, पन्नाशीच्या, नखांत काळं ग्रीस. म्हणजे त्या कामातल्याच. त्यांनी पहिली दोन पानं उलटली आणि तिसऱ्यावर थांबल्या. तो परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला.

"तू सांगितलं नसतंस तर त्याला कळलं असतं?" त्यांनी विचारलं.

"नो," मी म्हणालो.

"मग का सांगितलंस?"

मी वैशालीकडून इंग्रजीत चाळीस उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्यात हे नव्हतं. मी म्हणालो, "बिकॉज मॉरीन वॉज ऑन इट."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय ते मला उलटं दिसत होतं आणि सरळ असतं तरी वाचता आलं नसतं. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तो टाय रॉडचा होता. तो मला येत होता.